आत राहिलेलं पाणी

गेल्या वर्षीच्या जुलैमधली गोष्ट. मगरिबची अजान होऊन गेली होती. पाऊस थोडा उघडला होता आणि मी आठवीच्या वह्या पुढ्यात घेऊन ओटीवर बसले होते. तेवढ्यात मुलगा फाटकातून आत आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले, एका हातात चपला, दुसऱ्या हातात माझ्या अब्बांची गरवायची काठी. काठीच्या मधली एक कडी सुटून लोंबत होती आणि तिच्याभोवतीचा लाल दोरा उसवलेल्या शिलाईसारखा लटकत होता.

“जिताडा होता,” तो म्हणाला. “मोठा होता. कडी सुटली आणि तंगूस खडपावर घासून तुटला.”

मी काठीकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं नाही. आणि म्हणाले, “तुझ्या नानांनी पंचवीस वर्षं वापरली, एक कडी हलली नाही. तुला एक पावसाळा पुरला नाही.”

तो काही बोलला नाही. काठी भिंतीला टेकवून ठेवली, मोरीत जाऊन पाय धुतले आणि न जेवता झोपला. त्यानंतर तो खाडीवर गेलाच नाही. सुरुवातीला मला बरंच वाटलं. दहावीचं वर्ष, तेवढाच अभ्यास होईल. पण घरात एक मूल गप्प झालं की ते आईला कळायला वेळ लागत नाही. कबूल करायला मात्र लागतो.

आमचं घर रायगड जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. यांची नोकरी जहाजावर, म्हणून मी मुलाला घेऊन माहेरीच राहते. शाळाही इथेच, उर्दू माध्यमाची. तिथं मी मराठी आणि उर्दू शिकवते. अब्बा बहरीनला होते. १९९४च्या सुट्टीत त्यांनी ही काठी आणली. आमच्या गावातल्या बहुतेक बॅगांमधून तेव्हा ब्लँकेटं, टेपरेकॉर्डर आणि अत्तराच्या बाटल्या निघायच्या. अब्बांच्या बॅगेला बांधलेली लांबलचक पिशवी पाहून दादी म्हणाली होती, “एवढ्या लांबून काठी आणलीस? आपल्याकडे बांबू नाहीत काय?”

काठी दोन तुकड्यांची, जोडली की नऊ फूट. आतून पोकळ, काचतंतूंची. सोबत शेंड्याचा एक जादा तुकडाही होता, मूळचा मोडला तर लावायला. अब्बा २००१ मध्ये कायमचे परतले आणि मग त्यांच्या बहुतेक संध्याकाळी असरनंतर खडपावर गेल्या. २०२०च्या जानेवारीत ते गेले. काठी मी माळ्यावर ठेवली. गेल्या वर्षी मे महिन्यात, मुलाची नववीची परीक्षा संपल्यावर, ती काढून त्याच्या हातात दिली. म्हटलं, नानांची अमानत आहे, सांभाळ.

आता ज्यांनी अशी काठी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. काठीवर ज्या कड्या असतात, ज्यांतून तंगूस धावतो, त्या स्क्रूने लावलेल्या नसतात. भोक पाडलं तर काठी तिथंच मोडेल. कडीला पातळ पट्टीसारखे पाय असतात. ते काठीवर आडवे ठेवायचे आणि त्यांच्यावरून बारीक नायलॉनचा दोरा ताणून, एका वेढ्याला दुसरा वेढा चिकटवत गुंडाळत न्यायचा. शेवटचं टोक त्याच वेढ्यांखालून ओढून घ्यायचं. गाठ कुठेच नाही. त्यावर इपॉक्सीचा पारदर्शक थर. मासा ओढतो तेव्हा सगळी ताकद या दोऱ्यावर येते. थराचं काम दोन प्रकारचं: दोऱ्याला जागचं हलू द्यायचं नाही आणि पाण्याला आत येऊ द्यायचं नाही.

हे सगळं मला जुलैत माहीत नव्हतं. मला फक्त तुटलेलं जोडायचं होतं, तेही लवकर.

पहिला उपाय मी केला तो कुणीही करील तोच. सुटलेला दोरा पुन्हा गुंडाळला, वर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे चार थेंब टाकले आणि पारदर्शक नखपॉलिशचे दोन हात मारले. बाकीच्या कड्यांवरही पांढुरके डाग दिसत होते, जुन्या चष्म्याच्या काचेवर दिसतात तसे. त्यांच्यावरही नखपॉलिश लावलं. लावल्या लावल्या काठी नव्यासारखी चमकली. मी ती मुलाच्या खोलीत नेऊन ठेवली. तो “हं” म्हणाला.

आठ दिवसांत सगळे डाग परत आले. आधीपेक्षा मोठे, दुधट. नवीन थर एका जागी फुगला होता, नखाने दाबला की हलायचा.

दुसरा उपाय ऑगस्टमध्ये. या वेळी माहिती काढून मुंबईहून काठीसाठीचं खास इपॉक्सी आणि नायलॉनचा दोरा मागवला. एका कडीचा जुना दोरा काढला, नवा गुंडाळला. इपॉक्सीचे दोन भाग अगदी सारखे घ्यायचे असतात, डोळ्याच्या अंदाजाने चालत नाही, म्हणून मेडिकलमधून दोन सिरिंजा आणल्या. रात्री मुलगा झोपल्यावर, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, मी ते लावलं. सकाळी पाहिलं तर वरचा थर तेलकट, बोट लावलं की चिकट. शिवाय जागोजागी बारीक खळगे, देवीच्या व्रणांसारखे. आणि खालचा दोरा फिकटच.

मला रडू आलं. काठीसाठी नाही. मला वाटलं, अब्बांचं काहीही माझ्या हातून सांभाळलं जात नाही.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर एक कोळी काका जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. अब्बांचे जुने सोबती. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी काठी त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, काठी डोळ्याशी नेली, कडीजवळ अंगठा फिरवला.

“पानी आत हाय, टीचरबाय,” ते म्हणाले. “वरसून किती रंग लावशील?”

मग पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. एवढंच.

शाळेपर्यंतच्या वाटेत ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं, कारण ते मी आधी ऐकलेलं होतं, वेगळ्या शब्दांत. बी.एड.ला असताना आम्हाला एक प्रकरण होतं: नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन. मुलाचं चुकतं कुठे हे आधी शोधायचं, का चुकतं ते समजून घ्यायचं, मगच उपाय करायचा. आम्ही ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. नोकरी लागल्यावर मी पहिली काही वर्षं त्याच्या उलट वागले. माझ्या वर्गातली मुलं “शाला”, “बाल”, “काला” लिहायची. मी लाल पेनाने “ळ” करून द्यायचे, दहा वेळा लिहून आणायला सांगायचे. दहा वेळा बरोबर लिहून आणायची आणि अकराव्या वेळी पुन्हा “शाला”. कितीतरी दिवसांनी लक्षात आलं की उर्दूच्या लिपीत ळ साठी अक्षरच नाही. ज्या आवाजासाठी अक्षर शिकलेलं नाही, तो त्यांच्या कानाला वेगळा ऐकूच येत नव्हता. आधी कान तयार करायला हवा होता. “माझा पुस्तक” चंही तेच. उर्दूत नपुंसकलिंग नाही, मग मूल बिचारं “माझं” आणणार कुठून? मी नुसते वर थर देत होते.

त्या दिवशी घरी आल्यावर मी काठी पुन्हा हातात घेतली. या वेळी दुरुस्तीसाठी नाही, तपासणीसाठी. वहीत प्रत्येक बांधणीपुढे लिहीत गेले: रंग काय, डाग कुठे, तडा कुठे.

तपासताना काही गोष्टी कळल्या, त्या इथे लिहून ठेवते. कुणाला तरी उपयोगी पडतील.

नायलॉनच्या तंतूंमध्ये इपॉक्सी नीट भरलं की दोरा गडद दिसतो. भडक लाल दोरा डाळिंबी होतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जिथे दोरा फिकट किंवा पांढुरका दिसतो, तिथे तंतूंच्या मध्ये दुसरं काहीतरी आहे, हवा नाहीतर ओल. मग काठी कोरड्या जागी काही दिवस ठेवायची. डाग बदलला तर आत पाणी आहे. जसाच्या तसा राहिला तर थर दोऱ्यापासून सुटलेला आहे आणि आत नुसती पोकळी आहे. कडीच्या पायाभोवती तपकिरी छटा असेल तर लोखंड गंजतंय. हिरवट असेल तर कडी पितळेची आहे आणि वरचा मुलामा गेलाय. आणि पाण्याची आत येण्याची वाट बहुतेक एकच असते. कडीचा पाय काठीवर जिथे संपतो, तिथे दोरा पायावरून काठीवर उतरतो. त्या उताराच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याखाली उंदराच्या बिळासारखी इवलीशी पोकळी राहते. ती इपॉक्सीने भरली गेली नाही, किंवा काठी वाकून वाकून तिथे केसाएवढा तडा गेला, की पाणी तिथून शिरतं. शिरायला वाट असते, सुकायला नसते.

आमच्या काठीवर हे सगळं होतं. तपकिरीसुद्धा. सुटलेल्या कडीचा पाय गंजाने एवढा खाल्ला होता की कडेला करवतीसारखे दाते आले होते, आणि त्या दात्यांनीच दोरा आतून कापला होता. दोन महिन्यांत गंज एवढं खात नाही. इथे मला पहिल्यांदा शंका आली.

दुसरी गोष्ट, मुठीच्या वर एक बांधणी नुसती शोभेची आहे. तिच्यात कडी नाही, तिच्यावर ताण येत नाही. जिताडा काय, देवमासा लागला असता तरी तिला काही झालं नसतं. ती सगळ्यांत जास्त पांढरी होती.

तिसरी गोष्ट पाहिली आणि मी वही मिटली. पिशवीत तो शेंड्याचा जादा तुकडा होता. मुलाने तो कधी काढलाच नव्हता, खाडीवर नेलाच नव्हता. त्याच्यावरच्या बांधण्याही पांढऱ्या झाल्या होत्या. तसेच डाग, तशीच तपकिरी कडा.

मग मी ती रेक्झिनची पिशवी उलटी केली. खालच्या टोकाचं अस्तर कडक झालं होतं, काळ्या बुरशीचे ठिपके होते, आणि शिवणीत लाल माती साचलेली होती. खाडीचा चिखल काळा असतो. लाल माती आमच्या कौलांची.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तो दिवस. ज्यांनी तो पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. आमची निम्मी कौलं उडाली. माळ्यावर पाणी पडत राहिलं. अब्बांना जाऊन पाच महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढले, ओले गोधड्यांचे बोजे खाली टाकले, आणि काठीची पिशवी हातात घेतली. ती मी जानेवारीनंतर वरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सुतळीने आवळून बांधली होती, धूळ लागू नये म्हणून. प्लॅस्टिक वरून फडक्याने पुसलं. कोरडं दिसलं. सोडून बघावं असं मनात आलंही होतं, चांगलं आठवतंय. पण आत अब्बांची काठी होती, तिच्या मुठीला अजून त्यांच्या हाताचा वास असेल, आणि मला तेव्हा ते नको होतं. मी ती तशीच पुन्हा माळ्यावर ठेवली. खालचं टोक उताराला. वरच्या गाठीतून शिरलेलं पाणी खाली जाऊन बसलं आणि बाहेर पडायला वाटच नव्हती. तीन वर्षं ती काठी माझ्या प्रेमात भिजत पडली होती.

म्हणजे मी मुलाच्या हातात दिली तेव्हाच ती आतून गेलेली होती. कुठल्याही मोठ्या माशाने ती कडी उपटली असती.

तरीही मी त्याला लगेच सांगितलं नाही. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे. मी ठरवलं की आधी काठी नीट करू, मग सांगू. शिक्षकाला चूक कबूल करतानाही हातात काहीतरी बरोबर केलेलं लागतं.

आता घाई केली नाही. आमच्या शाळेत भूगोलासाठी ओला-कोरडा तापमापक आहे. त्यातल्या दोन पाऱ्यांतला फरक जेवढा कमी तेवढी हवेत ओल जास्त. ऑगस्टमध्ये कोरडा २८ अंशांवर आणि ओला २७ वर होता, म्हणजे आर्द्रता नव्वदीच्या वर. अशा हवेत इपॉक्सीतला घट्ट करणारा भाग हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळतो आणि वर तो तेलकट, चिकट थर येतो. माझा दोष पावसाळी रात्रीचा होता. खळग्यांचा दोष सिरिंजांचा. इंजेक्शनच्या सिरिंजेचा रबरी दट्ट्या सहज सरकावा म्हणून त्याला सिलिकॉन लावलेलं असतं. ते इपॉक्सीत उतरलं की थर तिथून मागे सरतो. सिलिकॉन नसलेल्या सिरिंजा वेगळ्या मिळतात. आणि फिकट दोऱ्याचा दोष ओलीचा. नायलॉन हवेतली ओल पिऊन घेतं. मी ओला दोरा ओल्या काठीवर गुंडाळून त्यावर झाकण लावलं होतं.

नोव्हेंबरच्या एका दुपारी तापमापकात ३२ आणि २४ दिसले. आठ अंशांचा फरक, आर्द्रता पन्नाशीच्या आसपास. मी कामाला लागले.

जुने दोरे काढताना एक गोष्ट जिवापाड सांभाळायची: ब्लेड कडीच्या धातूच्या पायावरच चालवायचं, काठीवर कधीच नाही. काठीच्या तंतूंना चरा पडला तर ती पुढे नेमकी तिथेच मोडते. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली की जुना थर मऊ होतो आणि दोरा सालीसारखा निघतो. एका कडीला ऊब देताना पायाजवळच्या तड्यातून खरोखरच पाण्याचा एक टिपका बाहेर आला. कोळी काकांची मला आठवण झाली. खालची जागा नखाने खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. सॅनिटायझर चालत नाही, त्यात बहुतेकदा ग्लिसरीन असतं. मग सगळे तुकडे आणि दोऱ्याचं रीळ लाकडी कपाटात ठेवलं. कपाटात खाली एक पिवळा बल्ब लावला आणि बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. आठ दिवस कपाट उघडलं नाही. गंजलेल्या चार कड्या बदलल्या. नव्या कड्यांचे पाय कानशीने घासून टोकाला पात्यासारखे पातळ केले, म्हणजे दोरा काठीवरून पायावर चढताना अडखळत नाही आणि खालची पोकळी कमी होते.

गुंडाळायला मला तीन संध्याकाळी लागल्या. इपॉक्सीच्या दिवशी मात्र एकट्याने भागणार नव्हतं. थर दिल्यावर काठी दोन-तीन तास सारखी फिरवत राहावी लागते, नाहीतर तो एका बाजूला ओघळतो. यासाठी लोक छोटी मोटर लावतात. माझ्याकडे मोटर नव्हती. मुलगा होता.

रविवार होता. जोहरची नमाज झाली, जेवणं झाली. दोन खुर्च्यांवर दोन खोकी ठेवली, त्यांना इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचा पाडल्या, त्यांवर काठी आडवी ठेवली. मी त्याला हाक मारली आणि म्हणाले, “फिरवशील?” तो आला, बसला. मी दोन्ही भाग मोजून घेतले, बुडबुडे होऊ नयेत म्हणून हळूहळू ढवळले आणि बारीक कुंचल्याने आधी त्या बिळांत भरले, मग दोऱ्यावर. स्पिरिटच्या दिव्याची ऊब लांबून, ओझरती दाखवली, तेव्हा अडकलेले बुडबुडे वर येऊन फुटले. दोरा डोळ्यांदेखत डाळिंबी होत गेला. सगळीकडे सारखा. एकही फिकट जागा नाही.

तो काठी फिरवत होता. मी म्हणाले, “एक सांगायचं होतं. पाणी तुझ्यामुळे शिरलं नाही. वादळाच्या वेळी शिरलं. मी पिशवी उघडून बघितली नव्हती.”

त्याने काठीवरची नजर काढली नाही. “मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“मे महिन्यात काढली तेव्हाच पांढरं होतं. तुला दाखवलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू दे, वापरू नको. म्हणून नाही दाखवलं.”

“मग जुलैत का नाही बोललास?”

तो थोडा वेळ थांबला. काठी मात्र फिरत राहिली. “तू विचारलंच नाहीस, अम्मी. तू सांगितलंस.”

वीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारण्याचा पगार घेते. त्या संध्याकाळी, ओटीवर, मी माझ्या मुलाला एकही प्रश्न विचारला नव्हता. कडी कशी सुटली? दोरा कसा दिसत होता? तुला लागलं का कुठे? यातला कुठलाही एक विचारला असता तर तो मे महिन्यातलं बोलला असता आणि मी पिशवी उलटी केली असती. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, सगळे वाचले असते.

“मला माफ कर,” मी म्हणाले.

“हं,” तो म्हणाला. पण हा हं वेगळा होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “नाना खरंच पंचवीस वर्षं हेच दोरे वापरत होते? एकदाही सुटला नाही?”

आणि मला आठवलं. “नाही रे. एक कडी २००७-०८च्या सुमारास सुटली होती. त्यांनी घरातल्या शिलाईच्या दोऱ्याने बांधली होती. पांढऱ्या. तुझ्या नानीने नंतर तो दोरा शोधून सगळं घर डोक्यावर घेतलं.”

तो हसला. चार महिन्यांनी. असरची अजान झाली तरी आम्ही दोघं आळीपाळीने काठी फिरवत होतो. एक नमाजला उठला की दुसरा बसायचा.

सांभाळण्याबद्दल मी काय शिकले ते थोडक्यात. खाडीवरून आलं की काठी गोड्या पाण्याने धुवायची, कड्यांचे पाय विशेष. फडक्याने पुसायची आणि रात्रभर उघड्यावर, उभी ठेवायची. ओली काठी पिशवीत कधीच घालायची नाही, आणि कोरडी काठीही पावसाळ्यात पिशवीत महिनोन्‌महिने ठेवायची नाही. दर दोन-तीन महिन्यांनी कड्यांच्या पायांशी नख फिरवून तडा आहे का बघायचं. तडा लहान असतानाच, पण आतलं पूर्ण सुकवून, बंद करायचा. आणि डाग दिसला तर लपवायचा नाही. हे शेवटचं आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलंय.

इपॉक्सी पुरतं घट्ट व्हायला आम्ही आठवडा दिला. पुढच्या रविवारी तो खडपावर गेला. संध्याकाळी दोन शिंगाळ्या घेऊन आला, त्यातली एक कोळी काकांना देऊन. जिताडा नाही लागला. मी नळाखाली शिंगाळ्या धुवायला घेतल्या, तर तो म्हणाला, “थांब, आधी काठी.”

काठी आता ओटीवर दोन खुंट्यांवर आडवी असते. पिशवी मी धुऊन, उन्हात वाळवून ठेवली आहे. अजून तिला काही काम सापडलेलं नाही.